शून्य अधिक शून्य : पाणपिसू आणि औषधांचं मिश्रण

आज 'कारण' म्हणजे काय, हा आपला जुना प्रश्न एका पाणपिसवेला विचारू या.

डॅफ्निया मॅग्ना ही गोड्या पाण्यातली पाणपिसू, फार तर पाच मिलिमीटर लांब. अंग इतकं पारदर्शक, की भिंगाखाली तिचं धडधडतं हृदय दिसतं. पाणी विषारी आहे की नाही, हे ठरवायला विसाव्या शतकात प्रयोगशाळांनी तिला साक्षीदार केलं. चोवीस तासांच्या आतली पिल्लं द्रावणात सोडायची आणि 48 तासांनी किती निश्चल झाली ते मोजायचं. पण बहुतेक वेळा एका भांड्यात एकच पदार्थ.

ही सवय जुनी आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस म्हणाला, विष ठरतं ते मात्रेवरून. बरोबरच आहे. पण मात्रा कशाची? एकाच पदार्थाची!

मिश्रणाचा हिशेब विसाव्या शतकात मांडला गेला. 1926 मध्ये लोवे आणि मुइशनेक यांनी दाखवलं की सारखं काम करणाऱ्या पदार्थांच्या मात्रा एकमेकींत मिळवता येतात. 1939 मध्ये ब्लिस यांनी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या विषांचं गणित संभाव्यतेने केलं. आता फरक बघा. ब्लिस यांच्या या हिशेबात शून्य परिणाम अधिक शून्य परिणाम म्हणजे शून्यच. लोवे यांच्या हिशेबात तसं नाही. तिथे निरुपद्रवी मात्रांची बेरीजही घातक ठरू शकते.

मग पाणपिसू कोणाच्या बाजूने? 1990च्या दशकात बर्लिनच्या नळाच्या पाण्यात क्लोफिब्रिक आम्ल सापडलं. कोलेस्टेरॉलवरच्या औषधाचा तो अवशेष. त्यानंतर 2004 मध्ये जर्मनीतल्याच आखेन इथल्या मिखाएल क्लॉयफर्स यांनी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन, अशी चार वेदनाशामकं तपासली. एकेकट्या औषधाचा परिणाम नाही किंवा नगण्य, अशा मात्रा त्यांनी एकत्र केल्या, तर परिणाम ठळक दिसला आणि तो लोवे यांच्या बेरजेशी जुळला.

इथे घाई नको. प्रयोगातल्या मात्रा नदीतल्यापेक्षा पुष्कळ जास्त होत्या. म्हणजे नदीतल्या पाणपिसवा याच चार औषधांनी मरतात, असं यातून सिद्ध होत नाही. पण 'प्रत्येक औषध सुरक्षित, म्हणून पाणी सुरक्षित' हे अनुमान मात्र कोसळतं.

आपला न्याय एकेका आरोपीला उभं करतो. प्रत्येक जण निर्दोष सुटतो, आणि पाणपिसू तर निश्चल पडलेली. मग जबाबदारी कोणाची? प्रत्येकाच्या वाट्याला थोडी, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं? प्रश्नोत्तरांत बोलू या.