धर्म आणि नागरिकत्व

आपलें रेणापूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होतें. प्रजा बहुतेक हिंदु. परंतु मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षानें 'अनल मलिक' हें तत्त्व पसरविलें, म्हणजे राज्याचें स्वामित्व प्रत्येक मुसलमानाच्या ठायीं आहे. ज्याच्या बापजाद्यांनीं येथील काळी जमीन कसली, तो कुणबी अशा राज्यास आपलें कसें म्हणणार? आणि राज्य कोसळल्यावर त्या तत्त्वाची किंमत कोणीं दिली? ज्यांचा रझाकारांशीं काडीचाही संबंध नव्हता अशा गोरगरीब मुसलमानांनींसुद्धां. २७ ते ४० हजार माणसें मारलीं गेलीं, असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज आहे. ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागली, त्यांत नांदेड व उस्मानाबाद होते.

मात्र आम्हांस गोव्याचाही विसर पडूं नये. १७६१ सालीं पोर्तुगीज सरकारनें आशियांतील आपल्या ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क जाहीर केले. शेजारच्या हिंदूस त्या बरोबरीसाठीं १९१० च्या प्रजासत्ताकाची वाट पाहावी लागली. बाप्तिस्मा हा संस्कार आहे, सरकारी दाखला नव्हे!

भारताच्या राज्यघटनेनें जन्म व वास्तव्य पाहिलें, धर्म विचारला नाहीं. २०१९ च्या कायद्यानें पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांस नागरिकत्वाची वाट सुकर केली. त्यांत ख्रिस्ती आहेत. छळ सोसलेल्यांस आसरा मिळाला, याचा आम्हांस आनंदच आहे. पण पाकिस्तानांत छळला जाणारा अहमदी त्या यादींत नाहीं.