देवाच्या नावावरचं रान

1801 साली फ्रान्सिस बुकॅनन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर कारवारच्या मुलखातून फिरत होता. इथली रानं गावदेवाच्या मालकीची आहेत, गौडाला, म्हणजे गावप्रमुखाला, विचारल्याशिवाय झाड तोडायचं नाही, आणि हा गौडाच देवाचा पुजारी, असं त्याला कळलं. परवानगी देताना देव काही घेत नाही, पण न विचारता कुऱ्हाड लावली तर कोपतो. बुकॅननने हे सगळं टिपून घेतलं आणि पुढे आपलं मत जोडलं, की सरकारला रानावर हक्क सांगता येऊ नये म्हणून केलेली ही नुसती युक्ती आहे.

हे वाचताना मला राग येतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असावं असंही वाटतं. युक्ती होतीच. रान देवाच्या नावावर ठेवलं की ते ना खोताला विकता येतं, ना सावकाराकडे गहाण टाकता येतं. बुकॅननला त्यात सरकारचं नुकसान दिसलं. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, मला त्यात कारभार दिसतो.

कोकणातल्या देवरायांमध्ये हा कारभार मी जवळून पाहिला आहे. गुरव पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे गप्प बसून राहतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका गावात वाळून उभ्या असलेल्या झाडासाठी डावा कौल आला आणि झाड तसंच राहिलं. त्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्या होत्या. मानकऱ्यांपैकी एक म्हातारे मला म्हणाले, "बाई, देवाक समाजता थंय कोण ऱ्हवता तां."

इंग्रजांचे जंगल कायदे आले. 1878 च्या कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि पुष्कळ देवरायांची कागदोपत्री मालकी देवाकडून सरकारकडे गेली. तरी गावाने मानलं तोवर राई टिकली. खरा घाला स्वातंत्र्यानंतर पडला. पानशेतच्या धरणासाठी रस्ते झाले, त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी डोंगरात शिरले आणि पुण्याच्या शेगड्यांसाठी वेल्ह्याकडची झाडं भट्ट्यांत गेली. जिथे गावकरी धरणामुळे उठले, तिथे देव एकटा पडला.

त्याच सुमारास, 1971 च्या पुढे, परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक देवराया पाहत पायी फिरू लागले. त्यांचा निबंध 1976 मध्ये छापून आला. मला मात्र त्या निबंधापेक्षा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाची हकीगत मोठी वाटते. तिथल्या काळकाईच्या राईवर सरकारी तोडीची वेळ आली होती. आजूबाजूचे डोंगर आधीच बोडके झालेले, आणि गावाला पाणी देणारा ओढा राईतून येणारा. देवरायांचा अभ्यास करणारी माणसं आहेत असं कळल्यावर गावकरी आपण होऊन त्यांच्याकडे गेले. राई वाचली. संवर्धनात लोकांना 'सहभागी करून घेण्या'ची भाषा ऐकली की मला गाणी आठवतं. तिथे लोकांनी शास्त्रज्ञांना सहभागी करून घेतलं होतं.

राईत नेमकं काय वाचतं? मोठी झाडं सगळ्यांना दिसतात, किडे कोणी मोजत नाही. उंबर, पायर, नांद्रुक यांचं प्रत्येकाचं केंबरू, म्हणजे फळात शिरून परागण करणारा बारीक किडा, वेगळं. ते केंबरू गेलं की त्या झाडाला बी धरत नाही, मग झाड कितीही जुनं असो. गोव्यात सत्तरीतल्या बांबरला निरंकाराची राई आहे. तिथे पाण्यात उभी असलेली रानटी जायफळाची झाडं चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढतात. त्या सावलीत मलबार ट्री निम्फ हे फुलपाखरू तरंगतं : पांढरे, जवळजवळ पारदर्शक पंख, त्यांवर काळे ठिपके, कसलीही घाई नाही. ते सह्याद्रीबाहेर कुठेच नाही. तशीच जायफळाची दलदल दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे-हेवाळे इथे आहे. तीही देवाची राई म्हणूनच राहिली, आणि आता तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे.

आज भीती कुऱ्हाडीपेक्षा सिमेंटची अधिक. मुंबईहून चाकरमानी पैसे पाठवतात, उघड्यावरच्या पाषाणाला देऊळ हवं असतं, आणि कमी पडलेली रक्कम राईतली झाडं विकून भरून काढतात. त्यांची श्रद्धा खरी आहे, म्हणूनच हे थांबवणं कठीण. सरकारी फलक लावून ते थांबलेलं मी पाहिलं नाही. एका गावात मात्र थांबलं. जैवविविधता नोंदवहीसाठी तिथल्या पोरांनी राईतल्या झाडांची, वेलींची, फुलपाखरांची यादी केली आणि ती गावसभेत गुरवानेच वाचून दाखवली. देवळाचा आराखडा मग राईच्या कडेला, पडीक जागेत सरकला. सभामंडप लहान झाला, त्यावरून दोन वाड्यांत अजून धुसफूस आहे, आणि शिखराची वर्गणी अर्धी यायची आहे.