जत्रा आली की घाट दुरुस्त होतो

वणीत राहणाऱ्याला हे कोणी शिकवायला लागत नाही. चैत्रातली यात्रा जवळ आली, नवरात्राचे वेध लागले, की नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर चढणाऱ्या घाटातले खड्डे बुजू लागतात आणि कठड्यांची डागडुजी होते. यात्राच नसती तर त्या घाटाकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहिलं असतं की नाही, देवीच जाणे.

मुंबईत हॉर्निमन सर्कलला विंटेज मोटारींची रॅली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला हा घाटच आठवला. सकाळच्या उन्हात गाड्या ओळीनं लागलेल्या. पितळी दिव्यांवरून मऊ फडकं फिरत होतं. एकाच्या बॉनेटखालून वाफा येत होत्या आणि मालक चेहऱ्यावर काही न दाखवता रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. लोक गाड्यांचे फोटो काढत होते. माझं लक्ष मात्र मागे उभ्या असलेल्या मिस्त्री लोकांकडे होतं, कारण आदल्या रात्री त्यांच्यातला कोणी झोपला असेल असं वाटत नव्हतं.

या रॅलीमागे दोन संस्था आहेत. थोरली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन. ती 1919 सालची. परदेशात गाडी चालवायला लागणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढायला चर्चगेटला गेलेल्या अनेकांना तिची तेवढीच ओळख असते. धाकटी विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया. नितीन दोसा हे नाव दोन्हीकडे जोडलेलं आहे. क्लबची धुरा दीर्घकाळ प्राणलाल भोगीलाल यांनी वाहिली. राजेरजवाड्यांच्या नाही तर व्यापाऱ्याच्या घरातला हा माणूस. त्यांनी शंभराहून जास्त गाड्या जमवल्या आणि अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांचं संग्रहालय उभं केलं. 2011 साली ते गेले.

पण क्लब येण्याआधी गाड्या यायला हव्यात. मुंबईत 1898 साली पहिल्या चार मोटारी आल्या, त्यातली एक जमशेटजी टाटांची. सहाच वर्षांनी, 1904 च्या डिसेंबरात, दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची चाचणी निघाली. 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया'नं ती भरवली होती. म्हणजे आपल्याकडे मोटार आली आणि तिच्या पाठोपाठ लगेच तिची जत्राही आली. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला, फोर्डही मुंबईत होती. आज कुठल्या तरी वाड्यात जुनी शेव्हर्ले सापडते, तेव्हा ती शिवडीत जोडलेली असण्याची शक्यता असते. 1954 मध्ये जनरल मोटर्सनं इथला गाशा गुंडाळला. त्या गाड्यांचे सुटे भाग मिळणं तिथून अवघड होत गेलं आणि चोर बाजाराचं महत्त्व वाढत गेलं.

मग 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. ज्या गाड्यांना स्वतंत्र ड्रायव्हर, स्वतंत्र गॅरेज आणि स्वतंत्र शागीर्द होता, त्या गाड्या एका वर्षात ओझं झाल्या. काही मिळेल त्या भावानं विकल्या गेल्या, काही जहाजात चढल्या. पुढे सरकारनं जुन्या गाड्या परदेशी नेण्यावर बंदी घातली. क्लबची खरी कामगिरी मला इथून पुढे दिसते. ज्या मालकाला भंगारवाला रोज भाव विचारत होता, त्याला क्लबनं वर्षातून एकदा गाडी बाहेर काढायचं निमित्त दिलं. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्रानं 1964 पासून, कलकत्त्यात 1968 पासून तेच केलं होतं.

बंद पडून राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे मिस्त्रीला विचारा. सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटतात. ब्रेकच्या तेलात ओल उतरते. टायर एकाच जागी बसून चपटे होतात. उंदीर वायरिंग खातात, त्यांना विंटेज आणि नवीन यातला फरक कळत नाही. कोल्हापुरात छत्रपती घराण्याची भगव्या रंगाची मेबॅक दर दसऱ्याला न्यू पॅलेसहून दसरा चौकात येते. शिलंगणाला जायचं म्हणजे ती सुरू व्हायलाच हवी. त्या गाडीला क्लबची गरज नाही, तिची जत्रा तिच्या घरातच आहे.

जुन्या गाडीचं काम म्हणजे नेमकं काय, ते मी इथे वणीतच एका शेडमध्ये पाहिलं. मॉरिस एट, 918 सीसीचं इंजिन, मालकाच्या आजोबांची. मिस्त्रीनं चावी फिरवली, आणि इंजिनाच्या आधी बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज सुरू झाला. पेट्रोलचा विजेवर चालणारा एसयू पंप तो. कार्ब्युरेटरची वाटी भरत आली की टकटक मंदावते आणि मग थांबते. थांबली नाही तर कुठेतरी गळतंय. मुळात सुरूच झाली नाही तर मिस्त्री पान्याची मूठ पंपावर हलकेच आपटतो, आणि पंप लागतो. संपर्काच्या टोकांवर काजळी बसते, ती त्या धक्क्यानं सुटते, एवढंच त्यातलं शास्त्र. त्याला मात्र विचारलं तर म्हणतो, "म्हातारा आहे, हलवून उठवावा लागतो."

त्याच गाडीच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतलेलं. आजच्या गाडीला तयार बेअरिंग दुकानात मिळतं. इथे कथलाचं मिश्रण वितळवून ओतायचं, लेथवर कातायचं आणि मग निळा रंग लावून, दांडा फिरवून, जिथे जास्त घासतं तिथे खरवडायचं. हे हातानं करणारे लोक आता मोजकेच. पत्र्याचं कामही तसंच. लांबी भरून खड्डा लपवणं सोपं आहे आणि ते कुठलाही डेंटिंगवाला करून देतो. ठोकून पत्रा मूळ वळणावर आणणारा शोधावा लागतो.

एकदा रंगासाठी हीच गाडी एकाकडे दिली, तर त्यानं दरवाजावरच्या जुन्या रंगाचे सगळे थर काढून टाकले. खालचा मूळ हिरवा रंग कुठला होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मालकानं शिव्या घातल्या नाहीत; गप्प बसला, ते जास्त वाईट वाटलं.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो खरंच थोडक्यात संपला. नोव्हेंबर 2020 मध्ये मसुदा निघाला आणि जुलै 2021 मध्ये केंद्राचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ चेसी, मूळ सांगाडा आणि मूळ इंजिन असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. फी 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, पुन्हा नोंदवायला 5,000. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यासाठीच गाडी रस्त्यावर आणायची. रोजच्या कामाला नाही. अनेक वर्षं आरटीओच्या खिडकीवर जुन्या गाडीकडे भंगार म्हणूनच पाहिलं जात होतं, त्यापुढे ही मोठी सुधारणा.

गंमत अशी की जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघानं, फिव्हानं, 'विंटेज' हा शब्द 1919 ते 1930 च्या गाड्यांपुरता राखून ठेवलाय. 1905 ते 1918 च्या गाड्या 'व्हेटरन', त्याआधीच्या 'अँसेस्टर'. त्या हिशोबानं आमची मॉरिस विंटेजही नाही, ती 'पोस्ट-विंटेज'. आणि आपल्या कायद्यानं कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली 1974 ची पद्मिनीही आता विंटेज होते. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेमुळे उतरली. टॅक्सी म्हणून म्हातारी ठरलेली गाडी पन्नाशी गाठली की मानाची होते. मधली वर्षं कशी काढायची, एवढाच प्रश्न.

सध्या शेडमध्ये बोलणं होतं ते इथेनॉलचं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळणं आता देशभर झालं. आमचा दिंडोरी तालुका उसाचाही, त्यामुळे त्याविरुद्ध बोलायची सोय नाही; मालकाच्या चुलत्याच्या शेतात ऊसच आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि पंपाचा पडदा कडक करतं. म्हणून मालकानं सगळ्या नळ्या नव्या घातल्या. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असली की तो टाकी रिकामी करतो, कार्ब्युरेटरची वाटीही.

या वर्षी टाकी भरली ती घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. यात्रेच्या काळात नांदुरीहून वर खासगी गाड्या सोडत नाहीत, एसटीच जाते. म्हणून मॉरिस गडाच्या पायथ्यापर्यंत गेली, मालकानं खालूनच हात जोडले. परत निघताना चावी फिरवली, पंप बोलला नाही. मिस्त्री मागच्या सीटवरून उतरला आणि त्यानं पाना मागितला.