द्वीपविहाराचा बेत

सुटीचे दिवस जवळ आले कीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात, आणि अलीकडे त्या बेतांत उष्ण कटिबंधांतील एखादें बेट हटकून असतें. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव हीं नांवें आतां घरोघर परिचयाचीं झालीं आहेत. यांपैकीं अंदमानचें नांव शंभर वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांत सहलीसाठीं नव्हे, तर काळ्या पाण्याच्या शिक्षेसाठीं उच्चारलें जाई. काळाचा महिमा असा आहे! परंतु आजच्या बेतामागें जें कल्पनाचित्र असतें तें बहुधा एकच : निळें पाणी, माडांची रांग आणि माणसांचा अभाव. आपण जाऊन पोहोंचेपर्यंत बेट जणूं कोणाचेंच नसतें, अशी ही समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास दूरच्या सागरांत जावयास नको. मानखुर्दच्या खाडीपर्यंत गेलें तरी पुरे.

मुंबईचा रहिवासी स्वतःच बेटावर राहतो, ही गोष्ट तो विसरला आहे. मानखुर्द हें गांव जुन्या तुर्भे बेटाच्या उत्तर अंगास. तुर्भे, साष्टी व मुंबई यांच्यामध्यें पूर्वीं खाजणें आणि भरतीचे ओहोळ होते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ती घेतली. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती, व तिच्याबरोबर घारापुरीहि, कायमची त्यांच्या पदरीं पडली. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीव व कुर्ला यांमध्यें, आणि १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांमध्यें बांधरस्ते झाले, आणि बेटांचें बेटपण डोळ्यांआड होऊं लागलें. पूर्वेची बाजू मात्र फार दिवस मोकळी राहिली. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा रस्त्याचा पूल १९७३ सालीं झाला आणि मानखुर्दहून वाशीस आगगाडी १९९२ सालीं गेली. आज हजारों माणसें कामावर जातां येतां रोज एक बेट सोडतात व रोज त्यावर परततात. पण तें करतांना कोणी खिडकीबाहेर पाहतो असें दिसत नाहीं.

मानखुर्दच्या दक्षिणेस तुर्भ्याचा डोंगर आहे, आणि त्याच्या पलीकडे बंदराच्या पाण्यांत घारापुरीचें बेट. आपल्या भागांत द्वीपविहाराचा इतिहास कोठें शोधावयाचा असेल तर तो येथेंच. १५३४ सालीं हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातीं गेला, आणि धक्क्याजवळील एका दगडी हत्तीवरून त्यांनीं बेटाचें नांव ‘एलेफंटा’ ठेविलें. १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ऑर्ता या वैद्यानें येथील लेण्याचें वर्णन केलें आहे. त्यानंतर दोनशें वर्षांनीं, १७६४ सालीं, कार्स्टेन नीबूर येथें आला. डेन्मार्कच्या राजानें अरबस्तानाकडे धाडलेल्या सहा जणांच्या मंडळापैकीं हाच एकटा पुढें जिवंत परतला. मुंबईच्या मुक्कामांत तो या बेटावर एकदां नव्हे, तीनदां गेला; त्यानें लेण्याचा आराखडा काढिला व मूर्तींचीं चित्रें रेखाटिलीं. १८०९ सालीं मुंबईस उतरलेल्या मारिया ग्रॅहॅम या इंग्रज बाईनेंहि ही सफर केली, आणि तिचें वर्णन तिच्या १८१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या रोजनिशींत आहे.

या पाहुण्यांच्या कुतूहलाविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि पाहुण्यांनीं बेटास काय दिलें व बेटापासून काय नेलें, याचाहि हिशेब इतिहासानें मांडिलाच पाहिजे. दिओगो दो कुतो या पोर्तुगीज इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे कीं, लेण्याच्या दारावरील एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यांत आला. राजानें तो वाचवून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तें साधलें नाहीं. तो शिला-पट पुढें नाहींसा झाला. सुमारें अठरा फूट उंचीची ती त्रिमुख सदाशिवाची मूर्ति कोणीं घडविली, कोणत्या राजाच्या आश्रयानें घडविली, याविषयीं आज विद्वान् सहाव्या शतकाकडे व कलचुरींकडे बोट दाखवितात तें नाण्यांच्या व शिल्पशैलीच्या आधारें. जो एक लेख बोलूं शकला असता, तो एका राजाचें कुतूहल भागविण्यांत खर्चीं पडला. ज्या हत्तीवरून बेटाचें नांव पडलें, त्याचें डोकें व मान १८१४ सालीं गळून पडली. त्याचे तुकडे १८६४ सालीं मुंबईस आले व १९१४ सालीं पुनः सांधले गेले. तो आज भायखळ्यास जिजामाता उद्यानाच्या आवारांत उभा आहे. हत्ती गेला, परंतु त्याच्यावरून पडलेलें परकें नांव बेटावर राहिलें.

या विहारांचा कळस १८७५ च्या नोव्हेंबरांत झाला. इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढील सातवे एडवर्ड, हिंदुस्थानांत आले असतां त्यांच्या सन्मानार्थ लेण्यांतच मेजवानी देण्यांत आली आणि दिव्यांच्या उजेडांत तो दरबारी समारंभ पार पडला. एका शिवालयांत असा समारंभ करावा कीं करूं नये, हा प्रश्न आयोजकांच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं. पण आम्हांस त्याहून निराळीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. त्या रात्रीं लेणें उजळलें. परंतु शेतबंदर, राजबंदर व मोरबंदर या बेटावरील तीन वस्त्यांना तारेची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारींत, समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यावर. तोंपर्यंत डिझेलच्या जनित्रावर सायंकाळीं कांहीं तास दिवे लागत. मेजवानीपासून या दिव्यांपर्यंत १४२ वर्षें लोटलीं, आणि त्यांपैकीं शेवटचीं सत्तर वर्षें स्वराज्याचीं होतीं. १९८७ सालीं लेणीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं, तरी पुढें तीस वर्षें वस्त्या अंधारांतच राहिल्या. पाहुणे सायंकाळच्या बोटीनें परततात. त्यांनीं अंधार कधीं पाहिलाच नाहीं, मग त्याची बोंब कोण मारणार?

म्हणून द्वीपविहार करूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं; उलट तो अवश्य करावा. अपोलो बंदराहून बोटीस तासाभराचीच वाट आहे. सोमवारीं लेणीं बंद असतात, आणि पावसाळ्यांत समुद्राचा भरंवसा नसतो, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें. परंतु बेत करतांना भाड्याच्या व जेवणाच्या हिशेबाबरोबर आणखी दोनचार प्रश्न टिपणांत असावे : हें बेट कोणाचें आहे, तेथें पिण्याचें पाणी कोठून येतें, आपण गेल्यावर तेथील माणसें रात्रीं काय करितात? नीबूर तीनदां गेला, कारण एका भेटींत मोजमाप पुरें होत नव्हतें. आपणहि घारापुरीस एक फेरी लेण्यासाठीं करावी, आणि दुसरी त्या तीन वस्त्यांसाठीं. दूरच्या बेटांकडे जाण्याची तयारी यापेक्षां चांगली होणार नाहीं.