जुन्या नाण्यांची स्वच्छता : चकाकी की इतिहास?

फडताळातील डब्यात, देव्हाऱ्यात अथवा जुन्या बाजारात काळवंडलेले नाणे हाती लागले, की ते लख्ख करण्याचा मोह अनेकांना होतो. चिंच, लिंबू, राख, व्हिनेगर असे भांड्यांसाठीचे घरगुती उपाय मग नाण्यावर केले जातात. भांड्याचे मोल त्याच्या उपयोगात असते. नाण्याचे मोल मात्र पृष्ठभागावरील बारीक उठावात असते. तो उठाव एकदा झिजला की परत आणता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेला नाणेसाठा. त्यात क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आढळली. नव्या ठशाखालच्या जुन्या ठशाच्या पुसट खुणांमधूनच सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा मिळाला. अशा खुणा नष्ट होण्यास घासणीचे दोन हात पुरेसे असतात.

थर कशाचा?

चांदीवरील काळेपणा हा हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे तयार झालेला सिल्व्हर सल्फाइडचा थर असतो. तांब्यावरील तपकिरी अथवा घट्ट हिरवा थर हा बहुधा ऑक्साइड व कार्बोनेटचा असतो. हा स्थिर थर, म्हणजेच 'पाटिना', आतील धातूचे काही अंशी रक्षणच करतो. आम्लाने तो विरघळतो आणि शिवराईसारखे तांब्याचे नाणे अनैसर्गिक गुलाबी दिसू लागते. 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे आधीच झिजलेली असतील, तर उरलेला उठावही त्यात जातो.

भुकटीसारखी सुटणारी फिकट हिरवी पूड मात्र धोक्याची खूण होय. क्लोराइड व दमटपणा यांमुळे होणाऱ्या या विकाराला 'ब्रॉन्झ डिसीज' म्हणतात. असे नाणे लगेच इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे व तज्ज्ञांना दाखवावे.

प्रयोग करायचाच असेल तर...

प्रयोगासाठी दुर्मीळ नाणे कधीही घेऊ नये. विपुल प्रमाणात मिळणारा, झिजलेला ब्रिटिशकालीन पाव आणा त्यासाठी योग्य ठरतो. आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत व वजन नोंदवावे. ब्रिटिशकालीन रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम होते. वजन हाही अभ्यासकाच्या दृष्टीने पुरावाच असतो.

माती काढण्यासाठी नाणे डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवावे, पाणी वरचेवर बदलावे आणि सुटलेली माती बांबूच्या काडीने हलकेच दूर करावी. नंतर मऊ कापडाने न घासता टिपून ते पूर्ण वाळवावे. तेलकटपणा शुद्ध ॲसिटोनने निघतो. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने हवेशीर जागी, आगीपासून दूर वापरावे. ॲल्युमिनियमचा कागद व धुण्याचा सोडा यांच्या साहाय्याने चांदीचा काळेपणा जातो, परंतु त्याबरोबर काळाने दिलेली छटाही जाते. संग्राहक अशी नाणी चटकन ओळखतात आणि त्यांना कमी किंमत देतात.

जतन

नाणे नेहमी कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते व नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. त्याऐवजी पॉलिस्टरची पाकिटे वापरावीत. रबर बँडमधील गंधकाने चांदी काळी पडते. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना लाकूड व पुठ्ठ्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ घातक ठरते. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवावे व ते वेळोवेळी बदलावे.

जमिनीत नाणी सापडल्यास ती धुण्यापूर्वीच, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे आवश्यक असते. नाण्यांना चिकटलेली माती आणि ती ज्या भांड्यात सापडली ते भांडे यांतूनही अभ्यासकांना काळाचा माग काढता येतो. म्हणूनच शंका असेल तेथे नाणे आहे तसे ठेवणे, हेच उत्तम जतन होय.