किहीम किनारा : बोटींची वर्दळ व जलपक्षी
सलीम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला ते अलिबाग तालुक्यातील किहीम हिवाळी पाहुण्यांचाही किनारा आहे. उत्तरेकडून आलेल्या कुरव, चिखल्या, तुतवार यांना ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीवर किडे-शिंपले टिपायला मोजकेच तास मिळतात. काठालगत स्पीडबोट घोंगावली की थवा आधी माना उंचावतो, मग एकदम उडतो. चरणे थांबते आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी खर्ची पडते. ठरल्या वाटेने जाणाऱ्या लाँचपेक्षा अचानक वळणारी वेगवान बोट अधिक त्रासदायक. गेटवे-मांडवा लाँचमागे मात्र कुरव स्वतःहून झेपावतात, ते प्रवासी भिरकावतात त्या गाठी-शेवेसाठी. हे तळलेले, खारट खाणे त्यांना अपायकारकच. ओहोटीच्या वेळी बोटी काठापासून दूर व संथ ठेवल्यास थवे सहसा उठत नाहीत.