माळ आणि मंडळी : मद्यमुक्तीच्या एका रीतीची कुळकथा

नगर–मनमाड रस्त्यावरील नागापुरात, जेथे वस्तीचे दिनमान औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांवर आणि पगाराच्या तारखेवर बेतलेले असते, तेथे अमक्याने दारू सोडली अशी वार्ता आली, की ऐकणारा बहुधा ‘माळ घातली काय?’ असेच विचारतो. कोणते औषध घेतले, ही पृच्छा त्याच्या मनात सहसा येत नाही. ज्या जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे हे स्वाभाविकच होय. वारकऱ्यांची तुळशीची माळ गळ्यात पडली म्हणजे मद्य-मांस सुटते, एकादशी आणि वारी मागे लागते. पण उपचार म्हणून पाहता तिचे खरे सामर्थ्य असे, की गुत्त्यावरची बैठक मोडून माणूस भजनाच्या बैठकीत जाऊन बसतो आणि चारचौघांदेखत घेतलेल्या व्रताचा साक्षीदार सारा गाव होतो. याच जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीस, अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. मात्र तेथे पिणाऱ्यांना खांबास बांधून फटकेही देण्यात आले, आणि गावाचे कल्याण मान्य करूनही त्या मार्गाचे समर्थन मला करवत नाही.

या रीतीची दुसरी शाखा सातासमुद्रांपलीकडची. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी एका मद्यालयात नित्य भेटणाऱ्या सहा पिणाऱ्यांनी परस्परांस वचन देऊन दारू वर्ज्य केली. त्यांची वॉशिंग्टोनियन चळवळ झपाट्याने फोफावली आणि बाहेरच्या वादांत गुंतून तितक्याच झपाट्याने विराली. पुढे १९३५ साली ॲक्रन गावी, व्यवहार फसल्याने हताश झालेला आणि पुन्हा पेल्याकडे ओढला जाणारा बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा रोखे-व्यावसायिक, आपला तोल राखावा एवढ्याच हेतूने दुसऱ्या मद्यपीचा शोध घेत डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला, आणि त्याला उपदेश न करता आपलीच कर्मकहाणी त्याने सांगितली. वैद्याला जे रुग्णाने दिले, ते ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या मद्यमुक्तांच्या मंडळीचे मूळ भांडवल. नाव गुप्त, वर्गणीची सक्ती नाही, आणि बाहेरच्या वादांत मत देणे नाही. बाल्टिमोरकरांचे जे चुकले होते, ते येथे नियमानेच टाळले गेले.

महाराष्ट्रात या विद्येस स्वतंत्र घर मिळाले ते लेखक अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या अमली पदार्थावरील लेखमालेमुळे. ती वाचून व्यथित झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले, डॉ. अनिता अवचटांनी धुरा उचलली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. समूहोपचार, समुपदेशन, योग, संगीत ही तेथली साधने. परंतु बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाजवळ बसतात, यात ॲक्रनचा वारसा अधिक दिसतो.

माळ आणि मंडळी यांत एक भेद मात्र मोठा आहे. माळकऱ्याचे व्रत आजन्म, आणि ते मोडल्यास माळ उतरवण्याची नामुष्की. मंडळीतला माणूस केवळ आजच्या दिवसाची हमी देतो, आणि घसरला तरी उद्या त्याच खुर्चीवर येऊन बसू शकतो. हा आजार उलटणारा आहे हे ध्यानी घेता, मला दुसरा करार अधिक शहाणपणाचा वाटतो. माळेला त्याची जोड मिळाली, तर दोहोंचेही बळ वाढेल.

एक सूचना वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास हातापायांस कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो; तेव्हा ते पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्यांच्या औषधानेच काढावेत. माळ, मंडळी, योग, संगीत हे सारे त्यानंतरच्या आयुष्यभरासाठी आहे.